तुटका बाण फेकू नका, आधी नीट बघा

यावेळी आलेले प्रश्न वाचायला बसले तर सगळ्यांचं रडगाणं एकच, बाण तुटतात. दोरीला मेण किती वेळा लावायचं, ग्लोव्ह बरा की टॅब बरा हे सगळं पुढच्या अंकावर ढकलते आणि आज फक्त तुटक्या बाणांचं बघू. आपण इथे नेम धरायची साइट नसलेल्या, साध्या लाँगबो किंवा टोकं पुढे वळलेल्या रिकर्व्ह धनुष्याबद्दल बोलतोय, चाकांच्या कंपाउंड धनुष्यवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, तीन महिन्यांपासून लाँगबो शिकतोय. धनुष्य ३५ पाउंडाचं आहे. लाकडी बाण एक डझन घेतले होते, त्यातले सात गेले. सोबतचे म्हणतात स्वस्तातले घेतलेस म्हणून तुटतात, भारीतले घे. घेऊ का?

थांबा जरा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं व्हायला नको. आधी सांगा, ते सात बाणांचे तुकडे कुठे आहेत? फेकले असतील तर पुढच्या वेळी फेकू नका, कारण बाण कशाने तुटला ते तुकडाच सांगतो. माझ्याकडे बुटांचा एक जुना खोका आहे, त्यात माझे आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांचे तुटके बाण ठेवलेत आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधलीय, किती अंतरावरून मारला, कशाला लागला, तुटला ते लगेच कळलं की नंतर. लोक हसतात खोका बघून. हसू देत.

तर त्या खोक्यात सगळ्यात जास्त तुकडे कसले आहेत माहितीये? धातूच्या टोकाच्या अगदी मागे, एका इंचाच्या आत मोडलेले. टोक बसवायला लाकूड तिथे तासून निमुळतं केलेलं असतं, म्हणजे काठी तिथे मुळातच बारीक, त्यावर धातूची टोपी, आणि टोपीची कड जिथे संपते तिथे सगळा ताण जमा होतो. बाण सरळ मऊ टार्गेटमध्ये घुसला तर काही होत नाही, पण टार्गेटच्या लाकडी चौकटीला, दगडाला किंवा कडक जमिनीला तिरका लागला की टोक थांबतं आणि मागची काठी मात्र अजून पुढे जायच्या नादात असते, ती वाकते आणि त्या कडेवरच कट्कन मोडते. असा तुकडा असेल तर बाणाचा दोष जवळपास नाहीच, तुमचा नेम टार्गेटच्या बाहेर गेलाय एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा प्रकार म्हणजे लांबलचक तिरपी फाट, चार-पाच इंच, टोकदार सुळ्यासारखी. इथे मात्र लाकडात खोट असते. काठीच्या कडेने लाकडाच्या रेषा बघा, त्या टोकापासून खाचेपर्यंत, म्हणजे दोरीत अडकते त्या मागच्या टोकापर्यंत, सरळ धावायला पाहिजेत, मध्येच कडेला बाहेर पडत असतील तर तिथून काठी कधीतरी फाटणारच. हे घेतानाच उजेडात धरून बघायचं असतं आणि स्वस्त डझनात अशा दोन-तीन काठ्या निघतातच, तेवढ्यापुरते तुमचे सोबती बरोबर आहेत. थोड्याशा बाहेर पडणाऱ्या रेषा चालतात, पण बाण चढवल्यावर वरच्या बाजूला दिसणारी त्या रेषांची टोकं पुढे, टार्गेटकडे तोंड करून पाहिजेत, म्हणजे सुटताना काठी फाटलीच तर सुळा वर जातो, धनुष्य धरलेल्या हातात घुसत नाही. खाच पण रेषांना आडवी कापलेली पाहिजे, रेषांच्या दिशेने कापली तर दोरीच पाचरीसारखी काठी उभी चिरते.

मधोमध मोडलेला असेल तर तो टार्गेटवर कमी आणि माणसाच्या हाताने किंवा पायाने जास्त मोडलेला असतो, त्याचं खाली येतंच. आणि खाचेकडून चिरलेला असेल तर बहुतेक वेळा मागून दुसरा बाण येऊन लागलाय.

आता खरा मुद्दा. तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, पाउंड लिहिले, महिने लिहिले, पण किती अंतरावरून मारता ते लिहिलंच नाही. मी पैज लावते, १८ मीटरवरून मारत असाल. पी हळद आणि हो गोरी असं धनुष्यात होत नाही हो. तीन महिन्यांत १८ मीटरवर बाण टार्गेटच्या आत ठेवणं जमतं काहींना, पण डझनातले सात तुटलेत म्हणजे तुम्हाला अजून जमत नाहीये. ५ मीटरवर या. लाजायचं काय त्यात, जपानी क्यूदोमध्ये नवीन माणसाला आधी गवताच्या घट्ट बांधलेल्या गुंडाळीवर, माकिवारावर, जेमतेम दोनेक मीटरवरून बाण सोडायला लावतात, २८ मीटरचं टार्गेट खूप नंतर, आणि तिथे अनुभवी लोकसुद्धा रोज माकिवारावर हात साफ करतात. एवढ्या जवळून चुकणार कुठे? बाण मऊ गवतात जातो, तुमचं लक्ष फक्त हाताकडे राहतं. ५ मीटरवर सलग आठवडाभर एकही बाण बाहेर गेला नाही की ८, मग १०, मग पुढचं पुढे. आणि टार्गेट मोठं ठेवा, कागद लहान चालेल पण मागचा बट, म्हणजे बाण ज्यात घुसतो तो गठ्ठा, मोठा पाहिजे. त्याच्यामागे जाळी लावायची तर ताणून लावू नका, सैल सोडा, सैल जाळी बाणाबरोबर मागे जाते आणि त्याचा जोर खाते, ताणलेल्या जाळीतून बाण आरपार जाऊ शकतो.

भारीतले बाण घ्यायचे असतील तर घ्या, पण चौकटीला लागल्यावर भारीतला बाणही तसाच मोडतो, दुःख तेवढं जास्त होतं.

प्रश्न : माझे बाण टार्गेटमध्ये नेहमी तिरके घुसतात, शेपूट एका बाजूला. दोन बाण असे घुसतानाच वाकून मोडले. दुकानदाराने सांगितलेल्या स्पाइनचेच घेतलेत. मग चूक कुठे?

स्पाइन म्हणजे काठीचा ताठपणा हे तुम्हाला माहितीच असेल पण बाकीच्यांसाठी सांगते. बोटांनी दोरी सोडली की दोरी बोटांवरून थोडी बाजूला सरकून मग पुढे जाते, त्यामुळे बाण सुटताना सरळ नसतो, माशासारखा वळवळत धनुष्याच्या मुठीला वळसा घालून जातो आणि थोड्या अंतरावर पिसं त्याला सरळ करतात. काठी फार ताठ किंवा फार लवचिक असली तर हा वळसा नीट होत नाही, बाण मुठीच्या बाजूला घासतो आणि शेपूट हलवत टार्गेटला पोचतो. मग घुसताना टोक एका दिशेने आणि काठीचं वजन दुसऱ्या दिशेने, काठी आडवी वाकते. तुमचे दोन बाण तसेच गेलेत.

आता दुकानदाराने बरोबर सांगूनही चूक का होते? धनुष्यावर लिहिलेले पाउंड, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, हे बहुतेक वेळा २८ इंचांच्या ओढीला असतात आणि नवीन माणूस तेवढं ओढतच नाही. इंचामागे साधारण २ ते ३ पाउंड धरा. ३५ पाउंडाचं धनुष्य तुम्ही २६ इंचच ओढत असाल तर तुमच्या बोटांवर ३० च्या आसपास येतात, आणि बाण घेतलेत ३५ च्या हिशोबाने, म्हणजे तुमच्यासाठी ते ताठ झाले. कुणाला तरी बाजूला उभं करून पूर्ण ओढीला बाणावर पेन्सिलने खूण करायला सांगा, मग मोजा. स्वतः आरशात बघून अंदाज बांधू नका, आरशासमोर सगळेच जास्त ओढतात.

अजून दोन गोष्टी. काठी जेवढी लांब तेवढी लवचिक वागते आणि टोक जड केलं तरी लवचिक वागते, त्यामुळे ताठ वाटणारे बाण फेकून न देता आधी थोडं जड टोक लावून बघता येतं. आणि शेपूट बाजूला नाही तर वर-खाली असेल तर तो स्पाइनचा प्रश्नच नाही, दोरीवर बाण अडकवायची जागा वर-खाली झालीय, ती आधी बघा.

पण हे सगळं करायच्या आधी, आणि हे मी मुद्दाम नंतर सांगतेय कारण कुणाला आवडत नाही, तुमचा सोडणारा हात बघा. दोरी सोडताना हात झटक्याने बाहेर जात असेल तर बरोबर स्पाइनचा बाणसुद्धा असाच तिरका घुसतो. बाणांचे शेपटे कधी डावीकडे कधी उजवीकडे असतील तर हात, आणि दरवेळी एकाच बाजूला असतील तर बाण, असा माझा ढोबळ हिशोब. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी स्वतःलाच म्हणते, पहिल्या वर्षात मी तीन वेगवेगळ्या स्पाइनचे सेट बदलले आणि शेवटी पहिलाच सेट बरोबर निघाला.

प्रश्न : ताई मी १६ वर्षांचा आहे. काल माझा बाण आधीच्या बाणाच्या खाचेत घुसला!! दोन्ही गेले पण भारी वाटलं. रॉबिन हूड म्हणतात ना याला? आता असं परत होऊ नये म्हणून काय करू, कारण बाबा म्हणाले परत बाण आणणार नाही.

अरे वा! तो जोड बाहेर काढू नकोस, तसाच भिंतीवर लाव, एकदाच मिळतो असा. माझाही आहे.

आता बाबांचं. एकाच ठिपक्यावर सहा बाण मारू नकोस. टार्गेटवर चार-पाच छोटे ठिपके काढ आणि प्रत्येकावर एकच बाण, मग पुढच्या ठिपक्यावर. इनडोअर स्पर्धांमध्ये एकाखाली एक तीन चेहऱ्यांचा कागद लावतात ना, त्याचा एक मोठा फायदा हाच, प्रत्येकात एक बाण. तुझा नेम सुधारलाय म्हणून बाण तुटतायत, ही चांगली अडचण आहे. पण एक लक्षात ठेव, जे बाण नुसते एकमेकांना खरवडून गेले, तुटले नाहीत, ते जास्त धोक्याचे. प्रत्येक बाण हातात घेऊन तपास. लाकडी असेल तर दोन्ही हातांत धरून हळूच वाकव, फिरवत फिरवत सगळ्या बाजूंनी, कानाजवळ धर, चर्रर्र असा बारीक आवाज आला की बाण संपला. कार्बनचा असेल तर वाकव आणि पिळूनही बघ, मग कापसाचा बोळा काठीवरून फिरव, कुठे धागे अडकले तर तिथे चीर आहे, आणि वाकवताना हात आणि डोळे सांभाळ. चीर गेलेला बाण पुन्हा धनुष्यावर चढवायचा नाही म्हणजे नाही, कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या सुया तळहातातून आरपार जातात. हे तुला घाबरवायला नाही सांगत, बाबांना बाण मागताना हेच कारण सांग.

प्रश्न : बाण मारताना नाही, टार्गेटमधून काढताना तुटतात. फोमचं टार्गेट आहे, इतके घट्ट बसतात की दोन्ही हातांनी हलवून हलवून काढावे लागतात.

हलवून हलवून, तिथेच झालं! हेच ते मधोमध मोडणारे बाण. काढताना एक तळहात टार्गेटला टेकवा, बाण अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात, दुसऱ्या हाताने बाण टार्गेटच्या शक्य तितका जवळ धरा, पिसांकडून नाही, आणि हलकेच फिरवत सरळ मागे ओढा. ज्या रेषेत आत गेला त्याच रेषेत बाहेर, वर-खाली अजिबात नाही. ओढायच्या आधी मागे कोण उभं आहे ते बघा, बाण अचानक सुटतो आणि खाच थेट मागच्याच्या डोळ्यापर्यंत जाते.

फोममध्ये बाण चिकटतो कारण घुसताना घर्षणाने काठी गरम होते आणि फोम जरासा वितळून तिला धरतो. टोकाकडच्या सहा-सात इंचांना साबणाची कोरडी वडी घासा, बराच फरक पडतो. रबराचा एक छोटा पकड-तुकडा मिळतो तोही घ्या, हात घसरत नाही. आणि बाण पिसांपर्यंत आत गेला असेल तर मागे ओढूच नका, टार्गेटच्या मागे जाऊन पुढून काढा, पिसं वाचतात.

झाडाच्या ओंडक्यात घुसला तर? तिथे मी वेगळंच सांगेन, ओंडक्यावर अणकुचीदार टोकाचा बाण मारूच नका. रानात फिरत फिरत मारायची हौस असेल तर रबरी बोथट टोक किंवा स्प्रिंगचे छोटे पाय असलेलं जूडो टोक लावा आणि कुजलेला मऊ बुंधा, मातीचा ढीग असलं काही निवडा.

प्रश्न : लाकडी सोडून कार्बन घ्यावेत का? तुटणार नाहीत ना?

कमी तुटतात, पण तुटतात. आणि मोडतात तेव्हा वाईट मोडतात, वर लिहिलंच. ॲल्युमिनियम तुटत नाही, वाकतं, आणि वाकलेलं थोडं सरळ करता येतं, टेबलाच्या काचेवर लोळवलं की कुठे वाकलंय ते लगेच दिसतं. फक्त शिकण्यापुरतं विचाराल तर मी कार्बन घ्या म्हणेन, थोडे लांब, पुढे जड टोक आणि टोकामागे एक-दोन इंचांची ॲल्युमिनियमची नळी बाहेरून चिकटवलेली, सगळ्यात कमकुवत जागा तीच असते तिला आधार मिळतो. लाकडी काठीलाही जुने लोक पुढे कठीण लाकडाचा सांधा जोडायचे, तीच गोष्ट.

फक्त हलक्याच्या मागे लागू नका. लाकडी धनुष्याला पाउंडामागे १० ग्रेन हा जुना हिशोब मला पटतो, म्हणजे ३० पाउंडाला ३०० ग्रेन, साधारण १९-२० ग्रॅम. बाण फार हलका असला की धनुष्याचा जोर त्याच्यात जात नाही, परत धनुष्यातच येतो आणि मग बाणाऐवजी धनुष्य तुटतं, हा तर दुष्काळात तेरावा महिना.

आणि लांबी. बाण तुमच्या ओढीपेक्षा निदान एक-दोन इंच जास्त लांब पाहिजे, ही गोष्ट मोडतोडीची नाही, हाताची आहे. आखूड बाण ओढताना टोक मुठीच्या मागे आलं आणि तसाच सुटला तर तो हातावरच फुटतो. मित्राचे बाण उसने घेऊन मारणारे यात हमखास सापडतात.

प्रश्न : बाण गवतात जातात, सापडतात तेव्हा पायाखाली मोडलेले असतात.

चुकलेला बाण कमी कोनात आला की गवताच्या खाली सापासारखा सरपटत जातो आणि वरून दिसतच नाही. शोधायला सगळे एकदम धावतात आणि मग कुणाचा तरी पाय. एकच माणूस जाऊ दे, बाण जिथून सुटला त्या रेषेत, पाय घासत हळू, हातात काठी घेऊन गवत बाजूला करत. सापडला की शेपटाला धरून मागे खेचू नका, टोकाकडून पुढे ओढा, पिसं गवतात उलटी होत नाहीत. पिसं भडक रंगाची लावा, पिवळी, पांढरी, गुलाबी. हिरवी तपकिरी पिसं फार देखणी दिसतात आणि पहिल्याच दिवशी हरवतात. प्रत्येक बाणावर नंबर टाका म्हणजे किती आत गेले आणि किती परत आले हे मोजता येतं.

प्रश्न : तुटलेला लाकडी बाण चांगल्या ग्लूने जोडला तर चालेल का? आणि नाही चालत तर त्याचं करायचं काय?

मधून मोडलेला जोडून मारायचा नाही. ग्लू कितीही चांगला असू दे, दोरीचा धक्का एका क्षणात पूर्ण काठीवर बसतो. टोकाच्या मागेच मोडला असेल तर मात्र मोडलेला भाग कापून पुन्हा तासून टोक बसवता येतं, पण बाण आखूड झाला म्हणजे ताठही झाला, आणि वर सांगितलेली लांबी उरत असेल तरच. नाहीतर कमी ओढीच्या कुणाला तरी द्या, त्याच्या धनुष्याला तेवढा ताठ बाण चालेल असं बघून.

खाच नुसती सैल झाली असेल तर चिरण्याआधी खाचेच्या खाली दोऱ्याचे आठ-दहा घट्ट वेढे आणि त्यावर ग्लू, काठी वाचते. १५४५ साली बुडालेलं आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलेलं मेरी रोझ जहाज आहे ना, त्यातल्या युद्धाच्या बाणांच्या खाचेत शिंगाची पातळ चीप घातलेली सापडली, तिथेच मार बसतो हे त्यांनाही माहीत होतं.

बाकी तुकड्याचं म्हणाल तर टोक काढून घ्या. लाकडी काठीवर टोक बहुतेक गरम ग्लूने बसवलेलं असतं, पक्कडीत टोक धरून मेणबत्तीवर थोडं शेकलं की फिरवून निघतं, ते दुसऱ्या बाणाला. कार्बनला असं थेट ज्योतीवर धरू नका, त्यातला राळेचा भाग जळून काठी निकामी होते. पिसं चपटी, दबलेली असतील तर किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरा आणि बोटांनी सरळ करा, परत उभी राहतात, नवी पिसं घ्यायची वेळ येत नाही. उरलेल्या काठ्या द्या मला पाठवून, खोक्यात अजून जागा आहे. चिठ्ठी मात्र बांधा.